आनंदीबाईंच्या कॉलेजच्या बॉडलीबाई

जून महिना जवळ आला की अमेरिकेतल्या बहुतेक मंडळांच्या वृत्तात एक पान शाळेसाठी राखलेले असते. वर्षभर रविवारी सकाळी भरणारी मराठी शाळा सुट्टीसाठी बंद होते. मग त्या पानावर कोणी बाराखडी पूर्ण केली, कोणी श्लोक पाठ म्हटले, कोणाच्या आईबाबांनी बक्षीस समारंभाला बटाटेवडे करून आणले, याची नावनिशीवार नोंद होते. आणि अधूनमधून त्याच पानावर एक निरोपाची बातमी येते. पंधरा-वीस वर्षे शाळा चालवणाऱ्या मुख्याध्यापिकाबाई आता मुलाकडे दुसऱ्या राज्यात राहायला जाणार असतात, किंवा गुडघे साथ देत नाहीत म्हणून थांबणार असतात. शाल, श्रीफळ, एक चौकटीतले मानपत्र, चार भाषणे आणि पोटलक, असा आपला निरोपाचा रिवाज. तो चांगलाच आहे. पण समारंभ झाल्यावर गाडीत बसताना पुष्कळांच्या मनात एक प्रश्न येतो, तो सहसा कोणी मोठ्याने विचारत नाही: या बाईंनी इतकी वर्षे जे केले त्याचे पुढे काय झाले? ती मुले कुठे गेली? त्यांच्यापाशी त्यातले काय उरले?

हा प्रश्न नुसता मनात न ठेवता, पत्रे पाठवून, उत्तरे गोळा करून, भर समारंभात त्यांची बेरीज वाचून दाखवणाऱ्या एका बाईंची ओळख आज करून द्यायची आहे. त्या मराठी नव्हत्या. मराठीचा त्यांना गंधही नसावा. पण मराठी माणसाचा आणि अमेरिकेचा जो जुना ऋणानुबंध आहे, त्यात त्यांचे नाव वरच्या ओळीत असायला हवे होते आणि ते कुठेतरी खाली राहून गेले. डॉ. आनंदीबाई जोशी आपल्याला ठाऊक असतात. गोपाळराव ठाऊक असतात, जरा जास्तच! न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाई, ज्यांना आनंदीबाई मावशी म्हणत, त्याही श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' कादंबरीमुळे घरोघरी पोहोचल्या. पण आनंदीबाई ज्या कॉलेजात शिकल्या, त्या कॉलेजच्या प्रमुख कोण होत्या, असे विचारले तर आपल्यातले बरेचजण थबकतील. त्यांचे नाव रेचल बॉडली. तिथल्या पद्धतीप्रमाणे त्यांच्या पदाला 'डीन' म्हणत. आपल्या भाषेत प्राचार्या.

घडण

रेचल बॉडली यांचा जन्म ७ डिसेंबर १८३१ रोजी ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरी झाला. तिथल्याच मुलींच्या वेस्लियन कॉलेजातून त्या १८४९ साली पदवी घेऊन बाहेर पडल्या आणि तिथेच शिकवू लागल्या. आपल्याकडे त्या वेळी पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांची मुलींची शाळा नुकतीच सुरू झाली होती, हे लक्षात घेतले म्हणजे काळाचा अंदाज येतो. १८६० मध्ये, म्हणजे तिशीच्या उंबरठ्यावर, बॉडलीबाई पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. फिलाडेल्फियाला जाऊन त्यांनी रसायनशास्त्राचा अभ्यास केला. परत येऊन काही वर्षे सिनसिनाटीच्या एका मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवले, आणि १८६५ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्राच्या पहिल्या प्राध्यापिका म्हणून रुजू झाल्या. १८७४ मध्ये त्या डीन झाल्या. तेव्हापासून अखेरपर्यंत, चौदा वर्षे, ते पद त्यांच्याकडेच होते. आणि डीन झाल्या म्हणून त्यांनी खडू खाली ठेवला नाही. रसायनशास्त्राचे वर्ग त्या शेवटपर्यंत घेत राहिल्या.

त्यांच्या दुसऱ्या एका कामाची गोष्ट रसायनशास्त्र शिकलेल्या वाचकांना आवडेल. प्राणवायूचा शोध लावणारे जोसेफ प्रीस्टली यांची कबर पेनसिल्व्हेनियातल्या नॉर्थम्बरलंड गावी आहे. १८७४ साली त्या शोधाला शंभर वर्षे पूर्ण होत होती. त्या निमित्ताने देशातल्या रसायनशास्त्रज्ञांनी त्या कबरीपाशी जमावे, ही सूचना बॉडलीबाईंची. मंडळी जमली, बोलणी झाली, आणि त्यातूनच १८७६ साली अमेरिकन केमिकल सोसायटीची स्थापना झाली. आज आपल्यातले कितीतरी रसायनशास्त्रज्ञ ज्या संस्थेची वर्गणी भरतात, तिचे मूळ एका मास्तरीणबाईंच्या सूचनेत आहे!

कॉलेज आणि त्याच्या वाटेतले काटे

हे कॉलेज १८५० साली क्वेकर पंथातल्या काही सुधारक मंडळींच्या पुढाकाराने निघाले. १८६७ पासून त्याचे नाव 'विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया' असे झाले. बायकांनी डॉक्टर व्हावे ही कल्पना तेव्हा अमेरिकेलाही पचलेली नव्हती. १८५८ मध्ये फिलाडेल्फियाच्या डॉक्टरांच्या संघटनेने ठरावच केला, की या कॉलेजच्या अध्यापकांशी आणि पदवीधरांशी आपल्या सभासदांनी व्यावसायिक संबंध ठेवू नयेत. आपल्या भाषेत सांगायचे तर वाळीतच टाकले.

६ नोव्हेंबर १८६९ चा प्रसंग तर या कॉलेजच्या इतिहासात प्रसिद्धच आहे. पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलमध्ये रोग्यांना समोर ठेवून व्याख्याने होत. तिथे बसण्याची परवानगी या कॉलेजच्या मुलींना मिळाली. मुली गेल्या, तेव्हा पुरुषांच्या कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांनी शिट्ट्या मारल्या, आरडाओरडा केला, कागदाचे बोळे फेकले आणि तंबाखूच्या पिचकाऱ्यासुद्धा टाकल्या. पुण्यात सावित्रीबाईंच्या अंगावर शेणमाती टाकणारे आणि फिलाडेल्फियात तंबाखू थुंकणारे, दोघांमध्ये हजारो मैलांचे अंतर. वृत्ती मात्र एकच. बॉडलीबाई त्या वेळी याच कॉलेजात शिकवत होत्या.

पुढे विरोधाने सभ्य कपडे घातले. १८७३ साली बॉस्टनच्या डॉ. एडवर्ड क्लार्क यांनी एक पुस्तक लिहिले. मुलींना मुलांसारखे शिकवले तर त्यांची प्रकृती ढासळते आणि मातृत्वाला त्या अपात्र होतात, असे त्यात शास्त्राच्या भाषेत मांडले होते. पुस्तक धडाधड खपले. पिचकारीला उत्तर देण्याची गरज नसते. शास्त्राच्या नावाने केलेल्या आरोपाला मात्र पुराव्यानेच उत्तर द्यावे लागते. आणि बॉडलीबाई रसायनशास्त्राच्या! प्रयोगाशिवाय निष्कर्ष नाही, ही त्यांची शिस्त.

२४४ पत्रे

ते उत्तर त्यांनी १८८१ साली दिले, आणि ही गोष्ट आपल्या मंडळांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. कॉलेज सुरू होऊन तीस वर्षे झाली होती. तोवर बाहेर पडलेल्या आणि हयात असलेल्या २४४ पदवीधर स्त्रियांना बॉडलीबाईंनी पत्र पाठवले आणि प्रश्नांची यादी जोडली. तुम्ही डॉक्टरकी करता का? कोणत्या प्रकारची? त्यातून मिळकत किती होते? एखाद्या हॉस्पिटलात नेमणूक आहे का? कुठल्या वैद्यकीय संस्थेच्या सभासद आहात का? शिकवता का? आणि शेवटी तो नाजूक प्रश्न: लग्न झाले असेल, मुलेबाळे असतील, तर या शिक्षणाचा आणि व्यवसायाचा तुमच्या संसारावर काय परिणाम झाला?

आज हे साधे वाटेल. कॉलेजचे माजी विद्यार्थी मंडळ दर वर्षी असली पत्रके पाठवते आणि आपण ती देणगीच्या पाकिटासकट टाकून देतो. पण तेव्हा देशभर आणि देशाबाहेर पांगलेल्या बायकांचे पत्ते शोधायचे, हाताने पत्रे लिहायची आणि टपालाची वाट पाहायची. १८९ जणींची उत्तरे आली. त्यांतल्या १६६ जणी प्रत्यक्ष व्यवसाय करत होत्या. बॉडलीबाईंनी ही सगळी उत्तरे एकत्र करून त्या वर्षीच्या पदवीदान समारंभाच्या भाषणात मांडली. 'कॉलेजची कहाणी' अशा अर्थाचे नाव देऊन ते भाषण पुस्तिका म्हणून छापले गेले. अमेरिकेत व्यावसायिक स्त्रियांची अशी मोजदाद त्याआधी फारशी कोणी केली नव्हती.

आता या आकड्यांकडे जरा उलट बाजूने पाहू. २४४ पैकी १८९ उत्तरे, म्हणजे ५५ पत्रांना उत्तर आले नाही. १८९ पैकी १६६ डॉक्टरकी करत होत्या, म्हणजे २३ जणी करत नव्हत्या. संसारावर काय परिणाम झाला, या प्रश्नाला बहुतेकींनी 'चांगला' असे लिहिले होते, पण सगळ्यांनी नव्हे. कॉलेजचे नाव राखण्यासाठी भाषण करणाऱ्या दुसऱ्या कोणीही चार यशस्वी पदवीधरांची नावे घेऊन टाळ्या मिळवल्या असत्या. बॉडलीबाईंनी पूर्ण हिशोब ठेवला. विरोधकांना तो खोडून काढता येईना, तो एवढ्याचसाठी. नुसती स्तुती असती तर ती एका फुंकरीत उडाली असती.

रोझेलहून आलेला अर्ज

या पुस्तिकेनंतर दोनच वर्षांनी कॉलेजच्या कचेरीत एक अर्ज आला. तारीख २८ जून १८८३, ठिकाण रोझेल, न्यू जर्सी.

आनंदीबाईंची कथा इथे फार लांबवत नाही. मूळच्या कल्याणच्या यमुना जोशी, नवव्या वर्षी गोपाळरावांशी लग्न, चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले, आणि तेव्हापासून डॉक्टर होण्याचा ध्यास. गोपाळरावांनी कोल्हापूरच्या वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला मदतीसाठी लिहिलेले पत्र अमेरिकेतल्या एका मासिकात छापले गेले. दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागण्याची वाट पाहत असताना ते कार्पेंटरबाईंच्या वाचनात आले. त्यातून दोघींचा पत्रव्यवहार जमला. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी आपण अमेरिकेला का जात आहोत हे इंग्रजीत जाहीरपणे सांगितले. 'हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन,' अशा आशयाचे त्यांचे बोलणे होते. एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोट पकडली आणि जूनमध्ये त्या न्यूयॉर्कला उतरल्या.

अर्जात त्यांनी काहीही लपवले नाही. आपले वय अठरा, शिक्षण तुटक, प्रवेशाच्या सगळ्याच अटी कदाचित पुऱ्या होत नसतील. पण माझ्या देशातल्या आजारी बायकांना बाई डॉक्टर मिळत नाही, पुरुष डॉक्टरला त्या प्रकृती दाखवत नाहीत आणि तशाच मरतात. सगळ्यांचा विरोध पत्करून ज्या निश्चयाने मी इथवर आले, तो निश्चयही माझ्या बाजूने मोजावा, असा एकूण भाव.

अशा अर्जावर 'अटी पूर्ण होत नाहीत' असा शेरा मारणे सर्वांत सोपे होते. शिवाय हे कॉलेज आणि स्वतः बॉडलीबाई दोघांचाही मिशनच्या कामाशी जिव्हाळ्याचा संबंध होता. याच कॉलेजच्या १८६९ च्या पदवीधर डॉ. क्लारा स्वेन १८७० मध्ये मिशनतर्फे बरेलीला जाऊन रोग्यांना तपासू लागल्या होत्या. म्हणजे हिंदुस्थानातल्या बायकांची स्थिती या कॉलेजला ऐकून माहीत होती. पण आजवर इथून तिकडे डॉक्टर जात होत्या. आता तिकडून एक मुलगी स्वतः शिकायला आली होती, तीही 'धर्म बदलणार नाही' असे आधीच सांगून. आनंदीबाईंना प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीही मिळाली. बॉडलीबाई श्रद्धाळू ख्रिस्ती होत्या. आनंदीबाई साडी नेसून, शाकाहारी राहून, कुंकू लावून तीन वर्षे त्यांच्या वर्गात बसल्या. एकीने दुसरीला बदलण्याची अट घातली नाही. परक्या देशात आपल्या मुलांना शाळेत घालताना आपल्यालाही हीच एक धाकधूक असते ना? शाळा शिकवील, पण मूल आपले राहील का? त्या काळी एका मिशनप्रेमी प्राचार्याबाईंनी त्या प्रश्नाचे उत्तर वागण्यातून दिले होते.

एक छायाचित्र

१० ऑक्टोबर १८८५ रोजी डीनबाईंनी विद्यार्थिनींसाठी स्वागत समारंभ ठेवला होता. त्या दिवशी काढलेले एक छायाचित्र आज जगभर फिरते. तुम्हीही पाहिले असेल. तीन तरुणी आपापल्या देशाच्या पोशाखात आहेत: साडीतल्या आनंदीबाई, किमोनो घातलेल्या जपानच्या केई ओकामी, आणि सीरियाच्या साबात इस्लांबुली. ओकामी पुढे १८८९ मध्ये पदवीधर होऊन टोकियोत डॉक्टर झाल्या. इस्लांबुली १८९० मध्ये पदवीधर झाल्या.

हे छायाचित्र पाहताना सगळे त्या तिघींकडे पाहतात, आणि ते बरोबरच आहे. पण क्षणभर त्या समारंभाचाही विचार करावा. सणवार नाहीत, घरचे जेवण नाही, फिलाडेल्फियाची हाडे गोठवणारी थंडी, अशा ठिकाणी आशियाच्या तीन टोकांहून आलेल्या मुलींना कोणीतरी सन्मानाने बोलावले. 'आमच्यासारखे कपडे घालून या,' असे म्हटले नाही. आपल्या मंडळांची सुरुवात याहून वेगळ्या कशासाठी झाली?

तीनदा आलेला ११ मार्च

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना एम. डी. पदवी मिळाली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. गोपाळराव समारंभाला होते. आणि खास या समारंभासाठी इंग्लंडहून बोट पकडून, चिमुकल्या मनोरमेला कडेवर घेऊन आणखी एक मराठी बाई आल्या होत्या: पंडिता रमाबाई. आनंदीबाईंच्या त्या लांबच्या नात्यातल्या. त्यांना निमंत्रण पाठवले होते बॉडलीबाईंनी! आपल्या विद्यार्थिनीच्या आनंदाच्या दिवशी तिच्या माणसांपैकी कोणीतरी समोर असावे, हे प्राचार्यांच्या मनात यावे, यातच त्यांची पारख दिसते.

थोड्या दिवसांसाठी आलेल्या रमाबाई अडीच वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत राहिल्या. त्यांनी 'द हायकास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक इंग्रजीत लिहिले. ते १८८७ साली फिलाडेल्फियात छापले गेले आणि त्याची प्रस्तावना बॉडलीबाईंनी लिहिली. त्या पुस्तकाच्या विक्रीतून आणि रमाबाईंच्या गावोगावच्या व्याख्यानांतून अमेरिकन लोकांनी पैसा उभा केला. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. त्या बळावर मुंबईत विधवा मुलींसाठी 'शारदा सदन' उघडले. दिवस कोणता, तर ११ मार्च १८८९. आनंदीबाईंच्या पदवीला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती.

शारदा सदनातल्या पहिल्या विद्यार्थिनींत एक बालविधवा होती, गोदूबाई. तिने पुढे प्रोफेसर धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि ती आपल्या सर्वांची बाया कर्वे झाली. त्या विवाहाचीही तारीख ११ मार्च, साल १८९३. पुढचे हिंगणे, अनाथ बालिकाश्रम आणि महिला विद्यापीठ आपल्याला ठाऊक आहेच. फिलाडेल्फियातल्या एका निमंत्रण पत्राची वाट अशी वळणे घेत हिंगण्याच्या माळापर्यंत गेली.

हिशोबात न बसणारी विद्यार्थिनी

पण बॉडलीबाईंना यातले काहीच पाहायला मिळाले नाही. त्यांनी पाहिले ते वेगळेच.

कोल्हापूर संस्थानच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाच्या प्रमुख म्हणून आनंदीबाईंची नेमणूक ठरली होती. ऑक्टोबर १८८६ मध्ये त्या अमेरिकेहून निघाल्या, तेव्हाच क्षयाने त्यांना पोखरले होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. कोल्हापूरच्या हॉस्पिटलात त्यांनी पाऊलही ठेवले नाही. पदवी मिळाल्यापासून एक वर्षही उलटले नव्हते.

आता १८८१ ची ती प्रश्नांची यादी आठवा. व्यवसाय करता का? नाही. हॉस्पिटलात नेमणूक? मिळाली, पण रुजू होता आले नाही. मिळकत? शून्य. कॉलेजच्या हिशोबात ही विद्यार्थिनी कुठल्या रकान्यात घालायची? 'पाहा, शिकवले आणि मुलगी मेली,' असे म्हणायला टीकाकार इथेही होते आणि तिथेही होते.

बॉडलीबाईंनी काय केले? रमाबाईंच्या पुस्तकाची प्रस्तावना त्या लिहीत होत्या, त्यात त्यांनी आधी आनंदीबाईंची आठवण लिहिली आणि मग रमाबाईंची ओळख करून दिली. ज्या विद्यार्थिनीचा आकडा कुठल्याच रकान्यात बसत नव्हता, तिला त्यांनी पुस्तकाच्या दारातच उभे केले. हजारो अमेरिकन वाचकांनी रमाबाईंच्या विनंतीआधी आनंदीबाईंची गोष्ट वाचली आणि मग पैशाच्या पिशव्या सोडल्या. एकही रोगी न तपासता गेलेल्या त्या मुलीच्या नावाने, न पाहिलेल्या कितीतरी मुलींना शाळा मिळाली. हिशोब चुकला नव्हता. वही बंद व्हायला अजून अवकाश होता, एवढेच.

निरोप

१५ जून १८८८ रोजी रेचल बॉडली हृदयविकाराने अचानक गेल्या. वय ५६. त्या दिवशीही त्या डीन होत्या आणि रसायनशास्त्राच्या प्राध्यापिकाही. फिलाडेल्फियाच्या सार्वजनिक शाळांच्या कामातही त्यांनी लक्ष घातले होते. निवृत्तीचा समारंभ नाही, मानपत्र नाही, 'आता जरा विश्रांती घ्या' म्हणणारी भाषणे नाहीत. आनंदीबाईंना जाऊन दीड वर्षही उलटले नव्हते. रमाबाई तेव्हा अमेरिकेतच होत्या आणि शारदा सदन उघडायला अजून नऊ महिने होते.

कॉलेजने त्यांना निरोप दिला तो त्या गेल्यावर. स्मृतिसभा भरली, तिथे त्यांच्यावर लेख वाचले गेले, आणि त्या लेखांची पुस्तिका त्याच वर्षी छापून निघाली. जिने आयुष्यभर इतरांच्या बातम्या गोळा केल्या, तिची बातमी अखेर तिच्या माणसांनी लिहून ठेवली. तिच्याच शिस्तीत, छापून! डॉ. क्लारा मार्शल नव्या डीन झाल्या आणि १९१७ पर्यंत त्यांनी ते पद सांभाळले. त्यांच्या कारकिर्दीत, १८९२ साली, आपल्या मराठी मुलखातल्या गुरुबाई करमरकर याच कॉलेजातून डॉक्टर झाल्या आणि मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या कामात त्यांनी अनेक वर्षे रोग्यांची सेवा केली. आनंदीबाईंना जे करता आले नाही ते त्याच दारातून गेलेल्या दुसरीने केले.

कॉलेजही आता त्या नावाने उरलेले नाही. १९७० च्या सुमारास तिथे पुरुष विद्यार्थ्यांना प्रवेश मिळाला आणि नावातला 'विमेन्स' शब्द गेला. १९९० च्या दशकात ते दुसऱ्या मेडिकल कॉलेजात मिसळले आणि २००२ पासून ड्रेक्सेल विद्यापीठाचा भाग झाले. पण त्या विद्यापीठाच्या संग्रहात आनंदीबाईंचा अर्ज, त्यांचे छायाचित्र, बॉडलीबाईंची कागदपत्रे आजही नीट जपलेली आहेत. आनंदीबाईंच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या गेल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पुकिप्सी गावच्या स्मशानभूमीत कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत आहेत. अनेक मराठी कुटुंबे तिथे फुले वाहून येतात. पुकिप्सीला जाणाऱ्यांनी एकदा फिलाडेल्फियाचीही वाट धरावी. शाळेचे नाव पुसले जाते, इमारत जाते. टिकते ते कोणीतरी लिहून, सांभाळून ठेवलेले.

आपल्या शाळेपुरते

म्हणून मंडळी, एक सूचना. पुढच्या वेळी आपल्या कुठल्याही मराठी शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई (किंवा गुरुजी) निवृत्त होतील, तेव्हा शाल-श्रीफळ जरूर द्या. पण त्याच्या तीन-चार महिने आधी शाळेची जुनी हजेरीपुस्तके बाहेर काढा. ज्यांची नावे त्यात आहेत त्या सगळ्यांना, आता ती मुले कॉलेजात असोत, नोकरीत असोत की स्वतः आईबाप झालेली असोत, एक कार्ड पाठवा. चार साधे प्रश्न विचारा. मराठी बोलता का? कोणाशी? वाचता येते का? शाळेतले काय आठवते? आणि पाचवा, जरा नाजूक: शाळेत जायचा कंटाळा येत होता का?

काही कार्डे परत येणार नाहीत. बॉडलीबाईंच्याही ५५ आली नव्हती. काही कार्डांवर 'मराठी विसरलो, पण बाईंच्या हातचे लाडू आठवतात' असे इंग्रजीत लिहिलेले असेल. तीही ठेवा, वगळू नका. कोणत्या रकान्यात घालावीत हे आज कळणार नाही. आजीला फोनवर 'कशी आहेस?' एवढे दोनच शब्द विचारणारा मुलगा हिशोबात उणा धरायचा की जमेचा, हे ठरवायला आपण फार लवकर बसतो. पुण्याला आनंदीबाई गेल्या त्या दिवशी कोणी बेरीज केली असती तर ती चुकलीच असती.

आलेली सगळी कार्डे एका वहीत चिकटवा आणि ती वही निरोपाच्या दिवशी बाईंच्या हातात द्या. बाई बसल्या असतील, ऐकत असतील, चष्मा पुसून वाचू शकत असतील, तेव्हाच. एक प्रत मंडळाच्या कपाटात राहू द्या. बॉडलीबाईंच्या विद्यार्थिनींना आपल्या बाईंसमोर उभे राहून हे सांगता आले नाही. आपल्याला अजून येते.